इंग्लिश कंट्री हाउसमधला पितळी कंदील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंदिलाचा एक फोटो, जरा अंधारातच काढलेला, आणि खाली एक ओळ: 'हा खरंच एखाद्या लॉर्डच्या घरातला असेल का हो?' असे निरोप मला सारखे येतात. इंग्लंडमध्ये जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे लोक हक्कानं विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कंट्री हाउस म्हणजे खेड्यातलं साधं घर ना?

नाही. उमराव किंवा बडे जमीनदार यांचं स्वतःच्या जमिनीवरचं मुख्य ठाणं म्हणजे कंट्री हाउस. संसदेच्या आणि मेजवान्यांच्या मोसमात ही मंडळी लंडनच्या घरी असत, एरवी इथे. खोल्या पन्नास-शंभर, नोकरचाकर डझनांनी, भोवती बाग, तबेले आणि कुळांची शेतं. आपल्याकडचा 'गढी' हा शब्द जवळचा, पण तटबंदी आणि बुरूज मनातून वगळायचे. शेतमजुराच्या कॉटेजमधला कंदील वेगळा आणि तो सहसा पितळेचा नसे.

२. कंदील म्हटलं की रॉकेलचा, वर कडी असलेला डोळ्यांपुढे येतो. तोच का हा?

तो नव्हे. तो पत्र्याचा वादळी कंदील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कंट्री हाउसमध्येही तो होता, पण तबेल्यात आणि अंगणात. लिलावात ज्याला 'हॉल लँटर्न' म्हणतात तो छताला साखळीनं टांगलेला, पितळी चौकटीत काचा बसवलेला मोठा पिंजरा. सहा बाजूंचा, चौकोनी किंवा गोल. आत तीन-चार मेणबत्त्यांची फुलासारखी फांदी आणि एका बाजूच्या काचेला बिजागरीचं दार.

जुन्या कागदांत 'लँटर्न'चं स्पेलिंग 'लँटहॉर्न' असं दिसतं. काचेऐवजी जनावराच्या शिंगाचे पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रे बसवत, त्यावरून लोकांनी हे स्पेलिंग रूढ केलं. तबेल्यात शिंगाचेच कंदील बरे पडत, कारण काच फुटून गवतावर ठिणगी पडायची भीती नको.

३. एवढ्या श्रीमंत घरात झुंबरं होती, मग कंदील कशाला?

वाऱ्यामुळे. पुढचं दार उघडलं की हॉलमध्ये वारा भणाणत शिरायचा आणि जिन्यातून थेट वर जायचा. उघड्या मेणबत्त्या फडफडत, एका बाजूनं वितळत, मेण खाली ओघळत असे. म्हणून झुंबर आतल्या दिवाणखान्यात आणि काचबंद कंदील हॉल, जिना आणि बोळात, अशी वाटणी ठरून गेली. अठराव्या शतकातला नावाजलेला फर्निचर-कारागीर थॉमस चिपेन्डेल, त्यानंही आपल्या नमुन्यांच्या पुस्तकात हॉल आणि जिन्यासाठी कंदिलांची चित्रं दिली आहेत.

कंदील दारातच टांगलेला, म्हणजे पाहुण्याची पहिली नजर त्याच्यावर. नॉरफोकमध्ये रॉबर्ट वॉलपोलनं बांधलेल्या हाउटन हॉलमध्ये तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेला, अठरा मेणबत्त्यांचा एक अवाढव्य कंदील होता. वॉलपोल तेव्हा देशाचा कारभार हाकत होता. विरोधकांनी त्याच्या उधळपट्टीची खूण म्हणून हाच कंदील उचलला आणि त्यावर टवाळीचं गाणं रचलं. पुढे तो विकला गेला. दिव्यामुळे एवढं राजकारण झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

मेणबत्तीवर इंग्लंडमध्ये १७०९ ते १८३१ कर होता आणि मधमाश्यांच्या मेणावर तो चरबीच्या मेणबत्तीपेक्षा जास्त होता. त्यामुळे कंदील असणं वेगळं आणि तो रोज पेटवणं वेगळं. पुष्कळ घरांत तो पाहुणे येणार असले तरच पेटे.

४. कंदिलाच्या वर उलट्या वाटीसारखी काच असते, ती कशासाठी?

काजळी अडवायला. मेणबत्तीचा धूर सरळ वर जाऊन छताच्या पांढऱ्या नक्षीकामावर काळा डाग उमटवतो, म्हणून मध्ये ही काचेची घंटी. जुन्या कंदिलांची ही घंटी बहुधा हरवलेली किंवा नंतर बसवलेली असते. मूळची असेल तर ती जपा, बाकी कंदिलाला पोचे असले तरी चालेल.

५. पितळ कुठलं, आणि कारागीर कोण? तळाशी नाव का नसतं?

बहुतेक काम बर्मिंगहॅमचं, काही लंडनचं. नाव नसतं, कारण चांदीवर ठसा मारायची सक्ती होती, पितळेवर नव्हती. बर्मिंगहॅमचे ओतकाम करणारे आपल्या मालाच्या चित्रांच्या वह्या छापत आणि दुकानदार त्यातून मागणी नोंदवत. त्या वह्यांतही बऱ्याचदा नाव मुद्दाम गाळलेलं असे, ग्राहकानं दुकानदाराला टाळून थेट कारखाना गाठू नये म्हणून. त्यामुळे 'हा अमुक कारागिराचा' असं कुणी छातीठोक सांगितलं, तर कागद मागा.

धातूबद्दल एक उपयोगी गोष्ट. अठराव्या शतकात बराच काळ पितळ करायची रीत म्हणजे तांब्याचे तुकडे कोळसा आणि जस्ताच्या खनिजासोबत मुशीत तापवायचे, जस्ताची वाफ तांब्यात मुरायची. या रीतीनं जस्त साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जात नाही. जस्त आणि तांबं थेट एकत्र वितळवण्याचं पेटंट जेम्स इमर्सननं १७८१ मध्ये घेतलं. शिवाय तांबं विजेनं शुद्ध करायचा पहिला कारखाना वेल्समध्ये पेम्ब्री इथे १८६९ मध्ये सुरू झाला. म्हणून एक्स-रे तपासणीत जस्त ३८ टक्के आणि तांबं अगदी निर्मळ दिसलं, तर तो कंदील १७५० चा नव्हे. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. कमी जस्ताचं पितळ आजही कुणीही ओतू शकतं.

६. घरी बसल्या वय कसं ओळखायचं?

आधी चुंबक लावा. चिकटला तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे. चिकटला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, जस्ताच्या स्वस्त ओतीव मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.

मग कंदील उलटा करा. सगळं खरं खोटं मागच्या बाजूला असतं. या घडीला माझ्या टेबलावर सहा बाजूंचा एक कंदील आहे. त्याच्या चौकटीचा बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत, पण आतल्या बाजूला कानशीच्या आडव्या-तिरप्या खुणा तशाच राहिल्या आहेत, कारण तिथे बघणारं कुणी नव्हतं. मेणबत्तीच्या चार फांद्या एकाच साच्यातल्या, तरी त्यांच्या वळणात गव्हाभराचा फरक. प्रत्येक फांदीवर मागून एक छोटी खाच आहे: एक, दोन, तीन, चार. आणि भोकांजवळही तशाच खाचा. एक नंबरची फांदी दोन नंबरच्या भोकात बसत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. स्क्रूचे आटे हातानं पाडलेले, प्रत्येकाचं माप वेगळं. जोसेफ व्हिटवर्थनं आट्यांचं ठरावीक माप सुचवलं ते १८४१ मध्ये. त्याआधीच्या कामात कुठलाही स्क्रू कुठेही बसायला लागला, तर शंका घ्यावी.

मी स्वतः फसलोय. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून 'अठराव्या शतकातला, श्रॉपशरच्या कंट्री हाउसमधला' म्हणून एक कंदील घेतला. रंग उत्तम, चौकट जड. घरी येऊन वरचं कडं काढलं, तर आत मेट्रिक मापाचा बोल्ट. एखादा बोल्ट दुरुस्तीत बदललेला असू शकतो म्हणून मनाची समजूत घातली. सहाही जागी तोच निघाला, आणि सहाही भोकांतले आटे त्याच मापाचे. समजूत तिथेच संपली.

झीजही बघा, पण योग्य जागी. दाराची खिटी, बिजागरीची कांडी, साखळीच्या कड्यांचा वरचा भाग आणि आकड्याचा आतला वाक इथे वर्षानुवर्षांचं वजन दिसायला हवं. सगळीकडे सारखीच काळपट झाक असेल, तर ती बहुधा बाटलीतून आलेली.

७. काचेवरून काही कळतं का?

कळतं, पण धातूइतकं भरवशाचं नाही, कारण काचा फुटतात आणि बदलतात. जुनी फुंकलेली काच तिरप्या उजेडात धरली की तिच्यात हलकी लाट दिसते. कधी वर्तुळाच्या कडेसारख्या पुसट रेषा, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, किंचित हिरवट छटा. आजची सपाट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. पिल्किंग्टन कंपनीनं ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. ती काच मेल्यासारखी सपाट दिसते. गोल कंदिलाच्या वाकवलेल्या काचा सगळ्यांत महाग आणि बदलायला सगळ्यांत कठीण.

१७४५ पासून १८४५ पर्यंत इंग्लंडमध्ये काचेवर वजनानं कर होता, म्हणून त्या शतकातली काच पातळ असणं साहजिक. जाड, जड काच दिसली तर ती नंतरची असण्याची शक्यता धरून चाला.

८. सहापैकी एक काच नवी आहे. किंमत पडेल का?

फारशी नाही. दोनशे वर्षांत एकही काच फुटली नसेल, तर मलाच आश्चर्य वाटेल. सहाही काचा नव्या असल्या, तर भावात बोला.

९. कंदिलात विजेची वायर आहे, म्हणजे तो नवा झाला ना?

नाही. जुन्या कंदिलांत पुढे वीज घातली जाणं हेच नेहमीचं. प्रश्न इतकाच, की वायरीसाठी फांदीला आरपार भोक पाडलं, की वायर बाहेरून साखळीत गुंफली. बाहेरून नेलेली असेल तर नुकसान शून्य.

ही घरं विजेवर कधी आली याला एक नियम नाही. नॉर्थम्बरलँडच्या क्रॅगसाइडमध्ये विल्यम आर्मस्ट्राँगनं ओढ्याच्या पाण्यावर वीज करून १८७८ मध्ये आर्क दिवा लावला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वानचे बल्ब. हॅटफील्ड हाउसमध्ये लॉर्ड सॉल्झबरीनं लगेच त्याचा कित्ता गिरवला. तिथे छताजवळच्या तारा पेट घ्यायच्या आणि घरची मंडळी खालून उशा फेकून त्या विझवायची. दुसरीकडे डर्बीशरच्या काल्क अॅबीत वीज आली ती १९६२ मध्ये. वेल्समधल्या एर्डिगला तर १९७३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेकडे जाईपर्यंत बाहेरून वीज आलेलीच नव्हती. बीव्हर किल्ल्यात विसावं शतक उजाडलं तरी निव्वळ दिवाबत्तीसाठी किमान तीन माणसं होती, आणि गॅस तिथे गावंढळ समजला जाई. तेव्हा 'वायर १९३० ची, म्हणून कंदील १९३० चा' हे गणित चुकीचं.

वापरायचा असेल तर कापडी वेष्टणाची जुनी वायर काढून टाका आणि जाणकार वायरमनकडून अर्थिंगसह नवी घाला. आख्खी चौकट धातूची आहे, इथे हयगय नको.

१०. चिठ्ठीवर 'कंट्री हाउसमधून आलेला' असं लिहिलंय. विश्वास ठेवू का?

घराचं नाव आहे का, हे आधी बघा. 'एका कंट्री हाउसमधून', 'एका उमराव घराण्याची मालमत्ता', 'म्हणतात की' अशा ओळींना कागदाचा आधार नसेल तर त्यांची किंमत कागदाएवढीही नाही. विक्रेता खोटंच बोलतोय असं नव्हे. बऱ्याचदा त्याला आधीच्यानं सांगितलेलं असतं आणि त्याला त्याच्या आधीच्यानं.

मी लोकांना एकच सांगतो: कंदील आपलं वय सांगतो, पत्ता सांगत नाही. बर्मिंगहॅमच्या एकाच साच्यातले कंदील ड्यूकच्या हॉलमध्येही गेले आणि शहरातल्या वकिलाच्या जिन्यातही. पितळ चाटून पाहिलं तरी त्यातून घर कळणार नाही. घर कळतं ते यादीतून, पावतीतून, फोटोतून किंवा लिलावाच्या कॅटलॉगमधून. क्वचित वस्तूवरच दुवा मिळतो. चौकटीच्या वरच्या बाजूला चिकटवलेलं लिलावाचं नंबराचं कागदी लेबल, गोदामाची चिठ्ठी, खडूनं किंवा रंगानं घातलेला यादीचा आकडा. म्हणून धुण्याआधी वरची बाजू नीट तपासून फोटो काढा. अशी लेबलं नळाखाली वाहून गेल्याच्या दोन हकिकती मला लोकांनी सांगितल्या आहेत, दोन्ही रडक्या आवाजात.

११. पण एवढे कंदील त्या घरांतून बाहेर पडलेच कसे?

वारसा करामुळे, आणि घरं पाडली गेल्यामुळे. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर नवा कर आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वांत मोठ्या इस्टेटींवर तो ८० टक्क्यांपर्यंत चढला. शेतीचं उत्पन्न आधीच घसरलेलं, नोकर मिळेनात, युद्धात लष्करानं वापरून घरांची दशा केलेली. १९५५ च्या सुमारास दर पाच दिवसांना एक घर पाडलं जात होतं असं मानतात. पाडण्याआधी हिरवळीवर तंबू ठोकून सामानाचा लिलाव व्हायचा. रेम्ब्रांटच्या चित्रावर सगळ्यांचं लक्ष, कंदील मात्र 'हॉलमधल्या किरकोळ वस्तू' या गठ्ठ्यात जायचे.

१९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं या पाडापाडीवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा लोकांना नुकसानीचा आकार कळला. तरीही १९७७ मध्ये मेंटमोर या कंट्री हाउसचं सामान विकलं गेलंच. घर आणि सामान मिळून सुमारे २० लाख पौंडांना सरकारला देऊ केलं होतं, सरकारनं नाकारलं आणि नुसत्या सामानाचे लिलावात ६० लाखांवर पौंड आले.

१२. घराचं नाव माहीत आहे. कागद कुठे शोधू?

सुरुवात त्या परगण्याच्या अभिलेखागारापासून करा, इंग्रजीत 'काउंटी रेकॉर्ड ऑफिस' म्हणतात. घराण्यांची दप्तरं बहुधा तिथेच असतात. त्यात मृत्यूनंतर केलेल्या सामानाच्या याद्या शोधा. खोलीवार असतात, 'हॉल: एक काचेचा कंदील, साखळी आणि वजनासह' अशा थाटात. १७८२ नंतर वारसाच्या कामासाठी अशा याद्या जोडणं कमी होत गेलं, मग घरच्या आणि विम्याच्या यादीवर भिस्त. विसाव्या शतकासाठी 'कंट्री लाइफ' या १८९७ पासूनच्या साप्ताहिकातले हॉलचे फोटो सोन्यासारखे. भिंग घेऊन छताकडे बघायचं.

यादीत 'एक कंदील' एवढंच असेल, तर तो तुमचाच हे सिद्ध होत नाही. मापं, बाजूंची संख्या, फांद्यांची संख्या जुळली तर बोलू.

१३. कॅटलॉगमध्ये 'जॉर्ज तिसरा' आणि 'जॉर्ज तिसरा शैली' असं दोन ठिकाणी दिसलं. एकच ना?

मुळीच नाही. पहिल्याचा अर्थ १७६० ते १८२० या त्या राजाच्या कारकिर्दीतला. दुसऱ्याचा अर्थ नंतर कधीतरी त्या धर्तीवर केलेला. त्या एका शब्दात भावाचा फरक कैकपटींचा. आणि लिलावात हातोडा पडलेला भाव शेवटचा नसतो, त्यावर लिलावगृहाचं कमिशन आणि कमिशनवर व्हॅट येतो.

१४. माझ्याकडे दोन कंदिलांची जोडी आहे, मागे खिळ आणि खाली लांब नळी. हॉलमधलेच का?

ते घोडागाडीचे दिवे. नळीत स्प्रिंग असते, मेणबत्ती जळेल तशी ती वर ढकलत राहते, त्यामुळे ज्योत कायम एकाच उंचीवर. कंट्री हाउसच्या गाडीखान्यातून आले असतील, पण प्रश्न १० तिथेही लागू.

१५. लिंबू, चिंच किंवा पितळेचं पॉलिश लावून चकचकीत करू का?

नको. आंबट वस्तू पितळेतलं जस्त खाते, मग तांबूस डाग उमटतात आणि ते जात नाहीत. पॉलिश धातू झिजवतं, नक्षीच्या कडा बोथट होतात. सगळ्यांत मोठा धोका वेगळाच. तुम्हाला मळकट पिवळं वाटतंय ते जुनं लाखेचं वार्निश किंवा चक्क सोन्याचा मुलामा असू शकतो. एका दुपारी घासलात की गेला, परत येत नाही.

कोमट पाण्यात चार थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं आणि वर मेणाचा पातळ हात. एवढं पुरे. काचांच्या कडेच्या लुकणात पाणी मुरू देऊ नका. जुन्या डाखात शिसं असतं, तेव्हा तिथे सँडपेपर घासून धूळ उडवू नका.

१६. न पडता, न आपटता पितळेला बारीक तडे गेले आहेत. कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि याचा छडा लागला तो भारतातल्या काडतुसांमुळे. ब्रिटिश सैन्याच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. ती तबेल्यांजवळ साठवलेली असत. ठोकून-ओढून घडवलेल्या पितळेत आतून ताण शिल्लक असतो, दमट हवेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया लागला की ते त्या ताणाच्या रेषेवर फाटतं. याचा शास्त्रीय उलगडा १९२१ मध्ये झाला. कंदिलात ओतीव भाग सहसा वाचतात, पत्र्याचे छत्र आणि नळ्या तडकतात. अमोनिया असलेली काच-सफाईची औषधं म्हणूनच दूर ठेवा.

१७. इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं. हॉलमधला कंदील मी विकू शकतो का?

घर संरक्षित इमारतींच्या यादीत नसेल तर प्रश्न खरेदीखतापुरता. साध्या आकड्याला टांगलेला दिवा सहसा जंगम माल ठरतो. घर यादीत असेल तर जपून. वस्तू इमारतीचा भाग आहे का, हे ती किती पक्की जोडली आहे आणि कशासाठी जोडली आहे यावर ठरतं. एका खास हॉलच्या रचनेचा भाग म्हणून केलेला कंदील काढायला परवानगी लागू शकते.

किती गुंता होऊ शकतो याचं उदाहरण वॉरिकशरच्या आयडलिकोट हाउसचं. तिथल्या शिशाच्या दोन मोठ्या शोभेच्या कुंड्या मालकानं २००९ मध्ये लिलावात ५५,००० पौंडांना विकल्या. त्या स्वतंत्रपणे यादीत नोंदलेल्या होत्या हे त्याला ठाऊकच नव्हतं. काही वर्षांनी स्थानिक प्रशासनानं त्या परत जागेवर बसवा म्हणून नोटीस काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२० मध्ये न्यायालय म्हणालं, नुसतं यादीत नाव आहे म्हणून वस्तू इमारत ठरत नाही, ती मुळात इमारत आहे का हे तपासावं लागेल. निकाल मालकाच्या बाजूचा, पण मधली वर्षं गेलीच. आधी वकिलाला विचारा.

१८. घराचे कागद पक्के निघाले, पण कंदील नवा आहे म्हणतात. दोन्ही खरं कसं?

अगदी सहज. १९२० च्या दशकात वीज घालताना बऱ्याच घरांनी जुन्या धर्तीचे नवे कंदील विकत घेऊन टांगले. मालकी अस्सल, वय शंभर वर्षं. उलटही होतं. पाडलेल्या घरातला खरा जुना कंदील दुसऱ्या घराच्या मालकानं लिलावात घेतला आणि आता तो 'या घरातला' म्हणून विकला जातो. आयडलिकोटच्या कुंड्यासुद्धा मुळात बेडफर्डशरच्या रेस्ट पार्कमधल्या. म्हणून चिठ्ठीत दोन रकाने ठेवा, एक वयाचा आणि एक पत्त्याचा. दोन्हींत लिहिण्यासारखं नसेल तर तो रकाना रिकामा सोडा. माझ्या श्रॉपशरवाल्या कंदिलाचे दोन्ही रिकामे आहेत, आणि तो गेली नऊ वर्षं माझ्या जिन्यात छान उजेड देतोय.